माणिकगडच्या पहाडावरची मुलं

जिवती तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर वाढलेल्या मुलाला बारावीनंतर जातीचा दाखला काढायचा असेल, तर त्याच्या वडिलांना बहुधा आधी नांदेड, लातूर किंवा परभणी गाठावं लागतं. मूल पहाडावर जन्मलं, अनेक घरांत वडीलही पहाडावरच जन्मले. पण अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त जातीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांना कुटुंब कुठे राहत होतं, ते सरकार विचारतं. त्या तारखांना आजोबा मराठवाड्यातल्या कुठल्या तरी गावात सालगडी होते किंवा जनावरं वळत होते. मग त्या गावच्या तलाठ्याकडे, त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात आजोबांचं नाव शोधायचं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर जुन्या महसुली कागदांत शोधायचं. ते कागद निजामाच्या अमदानीतले, बरेचसे उर्दूत. वाचणारा माणूस शोधायचा, त्याला पैसे द्यायचे, मुक्काम करायचा. तोवर इकडे प्रवेशाची मुदत टळून जाते.

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला खेटून हा पहाड उभा आहे. पायथ्याला गडचांदूर, मधे माणिकगडचा जुना किल्ला आणि घाट चढून गेलं की जिवती. आसपासचे लोक तालुक्याचं नाव क्वचितच घेतात. ‘पहाडावर राहतो’, ‘पहाडावरून आलो’ एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतं. महाराष्ट्रात खाणीच्या सावलीत वाढणारी मुलं पुष्कळ आहेत, स्थलांतरित कुटुंबांतली मुलं तर गणतीबाहेर आहेत. पण डोंगर, खाण आणि स्थलांतर या तिन्ही गोष्टी एकाच बालपणात एकवटलेल्या बघायच्या असतील, तर गडचांदूर-जिवतीचा हा पट्टा बघावा. शेजारच्या गडचिरोलीत आज नव्या खाणी उघडत आहेत, म्हणून तर तो नीट बघायला हवा.

या भागाचं नशीब त्याच्या दगडानं ठरवलं. पहाडाच्या माथ्यावर काळा बेसाल्ट आहे आणि पायथ्याकडे चुनखडीचे जाड थर. थोड्या अंतरावर वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा. सिमेंटच्या कारखान्याला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. चुनखडी फोडून, दळून, मातीबरोबर भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसला भाजली की क्लिंकर तयार होतो. एक टन क्लिंकरसाठी सुमारे दीड टन चुनखडी खर्ची पडते. एवढा दगड लांबून वाहून आणणं परवडत नाही, म्हणून कारखाना दगडाजवळ येतो. १९८० च्या दशकात आवारपूर आणि गडचांदूर इथे मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले, पुढे उपरवाही आणि नारंडा इथेही. ज्वारी-कापसाच्या या मुलखात बघता बघता चिमण्या, रेल्वे सायडिंग आणि कामगार वसाहती आल्या. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र अशा दूरदूरच्या ठिकाणचे फिटर, ड्रिलर, ड्रायव्हर आणि इंजिनिअर इथे आले आणि मागोमाग त्यांची बायकामुलं.

पहाडावर मात्र त्यांच्याही आधी लोक आलेले होते.

राजुरा, कोरपना आणि जिवती या आजच्या तीन तालुक्यांचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. म्हणून नांदेड-परभणीकडच्या माणसाला हा पहाड कधी परमुलूख वाटला नाही. राज्य एकच, राजाही एकच. मराठवाड्यातला शेतकरी आणि बंजारा माळरानं संपत आली की पूर्वेच्या जंगलाकडे सरकत असे. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून हे सरकणं बारकाईनं नोंदवलं. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यात खडी फोडण्याच्या कामावर जगलेली अनेक कुटुंबं ‘तिकडं जंगलात जमीन मिळते’ या बोलण्यावर विसंबून पहाडावर चढली. बंजारा, मातंग, बौद्ध, मराठा, मुस्लिम असे सगळ्या समाजांतले लोक त्यांत होते. झाडी तोडून त्यांनी वावरं केली, कुडाची घरं उभारली आणि पोरांना पहाडाच्या पाण्याची सवय लावली.

ही गोष्ट सांगताना एक बाजू झाकून ठेवता येणार नाही. हा पहाड रिकामा नव्हता. कोलाम आणि गोंड इथे पिढ्यानपिढ्या राहत होते. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. फिरती शेती करणाऱ्या, भांडण टाळून जंगलात आणखी आत जाणाऱ्या या लोकांच्या हातून आधी नव्या शेतकऱ्यांनी जमीन घेतली आणि नंतर चुनखडीच्या खाणीनं. कुसुंबी परिसरातली कोलाम कुटुंबं जमिनीच्या मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज आणि आंदोलनं करत आली आहेत. खाणीजवळच्या गुड्यात, म्हणजे आदिवासी पाड्यात, वाढणारं कोलाम मूल स्थलांतरित नाही, पण त्याच्या घराभोवतीचं जग त्याच्या डोळ्यांदेखत परकं झालं. स्थलांतरितांच्या मुलांची बाजू घेताना या मुलाचा हक्क पहिला, हे आधी मान्य करायला हवं.

आता तांड्यावरच्या मुलाचा दिवस बघू. घरी आई-आजीशी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. शेजारच्या गुड्यातल्या सवंगड्यांशी थोडी कोलामी, थोडी गोंडी. आठवडी बाजारात तेलुगू आणि हिंदी. शाळेत मात्र बालभारतीची मराठी. मराठवाड्यातून आलेल्या बौद्ध किंवा मातंग घरातलं मूल मराठीच बोलतं, पण त्याचं ‘लेकरू’, ‘कामून’ आणि चंद्रपूरकडच्या गुरुजींचं ‘पोट्टं’, ‘काहून’ यांत हेल वेगळा. पाच-सहा वर्षांचं लेकरू चार-पाच भाषांत खेळतं, भांडतं, दुकानातून मीठ-मिरची आणतं. पहिलीच्या वर्गात मात्र त्याला ‘काही येत नाही’ असा शेरा मिळतो. त्याला काय काय येतं हे मोजायची सोय आपल्या परीक्षेत नाही, आणि ही मोठी चूक आहे.

या बाबतीत जवळचाच एक जुना दाखला आहे. हायमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नांतून १९४३ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाई इथे गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं. तिथे गोंडी भाषेतली वाचनमाला तयार झाली. मुलांनी आधी आपल्या बोलीत वाचायचं आणि मग राज्यभाषेकडे वळायचं, असा तो क्रम होता. राजुऱ्याचा पट्टा तेव्हा याच जिल्ह्यात होता. ऐंशी वर्षांपूर्वी निजामाच्या राज्यात जे करून बघितलं गेलं, ते आज मोबाइल आणि छपाईच्या जमान्यात अवघड का वाटावं?

पहाडावरच्या मुलींचं बालपण पाण्यानं वेढलेलं असतं. पावसाळ्यात पहाड हिरवागार, नाले दुथडी भरून. पण बेसाल्टच्या उतारावरून पाणी झपाट्यानं खाली निघून जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडावरच विहिरी तळ दाखवू लागतात. खाली गडचांदूरजवळ अमलनाला धरण भरलेलं असतं, वर गुड्यात आणि तांड्यात गुंडभर पाण्यासाठी पायपीट. घरातली थोरली मुलगी पहाटे पाण्याला जाते, धाकट्याला सांभाळते आणि मगच शाळेचा विचार करते. दहावीनंतर कॉलेजसाठी घाट उतरायचा. एस.टी. वेळेवर आली तर ठीक, नाहीतर वाट बघत उभं राहायचं. बारावीच्या आत शाळा सुटलेल्या मुलींच्या घरी विचारलं, तर कारण म्हणून नापास होण्यापेक्षा पाणी आणि एस.टी. याच दोन गोष्टी अधिक वेळा ऐकू येतात.

पायथ्याला, कारखान्याच्या आसपास, दोन वेगळी बालपणं शेजारी शेजारी नांदतात. कंपनीच्या वसाहतीत पक्की घरं, नळाला पाणी, झाडं लावलेले रस्ते, बाग, दवाखाना आणि इंग्रजी माध्यमाची शाळा. तिथल्या मुलाचे वडील कायम नोकरीत असतात. आई-वडील मूळचे पिलानीचे किंवा गोरखपूरचे असले, तरी वडिलांच्या हुद्द्यामुळे मुलाला रहिवासाचा पुरावा जमवताना फार त्रास होत नाही. वसाहतीच्या भिंतीबाहेर कंत्राटी कामगारांच्या वस्त्या. कंत्राटदार बदलला की काम जातं, काम गेलं की खोली जाते आणि खोली गेली की शाळा बदलते. ट्रकच्या क्लीनरचा मुलगा एकाच वर्षात दोन शाळांत नाव घालून शेवटी कुठेच परीक्षा देत नाही, असं घडतं. गुरुजींच्या हजेरीपटावर तो ‘सतत गैरहजर’ असतो. खरं तर तो गाव सोडून गेलेला असतो आणि तेही कुणी विचारलेलं नसतं.

सुरुंग लावण्याआधी भोंगा वाजवणं खाणीच्या नियमात आहे. खाणीजवळच्या गावांत मुलं त्या भोंग्यावरून वेळ ओळखतात. मग जमीन हादरते, पत्रे वाजतात आणि भिंतीला गेलेली चीर आणखी थोडी लांब होते. ट्रकांच्या रांगेतून सायकल चालवत शाळेत जाणं, कपाशीच्या पानांवरची पांढरी धूळ, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांची झटकझटक या सगळ्याची त्यांना सवय होते. सवय झाली म्हणजे अपाय टळला, असं नव्हे.

पहाडावरून आणखी एक स्थलांतर दरवर्षी सुरू असतं. खरिपाचं पीक निघालं, की घरं कुलूपबंद करून माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून टेम्पो भरून मजूर सीमेपार जातात आणि उन्हाळ्यात परततात. आजी-आजोबा धडधाकट असतील तर मुलं त्यांच्यापाशी राहतात, नसतील तर मिरचीच्या वावरात आईबरोबर. नेमक्या याच काळात वार्षिक परीक्षा येते. अशा मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत सहज प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रकही आहे. पण त्यांचा खरा उपयोग व्हायचा, तर मजुरांचा टेम्पो निघण्याआधी मुलांची यादी तयार असायला हवी. ती करण्यासाठी मुख्याध्यापकानं ग्रामसभेत बसावं लागतं, आणि ज्या गावात असं होतं तिथे मुलं टिकतात.

सीमेवरच्या गावांत बालपणाला आणखी एक फाटा फुटतो. मुकादमगुडा, महाराजगुडा, परमडोली, अंतापूर अशी चौदा गावं आणि पाडे महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांच्या नोंदीत आहेत. इथे राहणारे बहुतेक लोक मराठवाड्यातून आलेले, मराठी बोलणारे. अनेकांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. एका गावात दोन सरपंच आणि दोन शाळा, एक मराठी आणि एक तेलुगू. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. मुलांच्या आईबापांना मात्र मुलाचं नाव कुठल्या शाळेत घालायचं, हा आयुष्याचा निर्णय घ्यावा लागतो. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांनी दोन शाळा निवडल्या, तर पुढे वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि नोकरीची वाट दोघांसाठी वेगळी होते. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महसूल मंत्र्यांनी ही चौदा गावं पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याचं जाहीर केलं. गावकऱ्यांनी अनेक वर्षं वाट बघितलेली ही गोष्ट आहे. पण तेलुगू शाळेत आठवी-नववीपर्यंत पोहोचलेल्या मुलांचं काय, याचं उत्तरही त्याच आदेशात लिहिलेलं असायला हवं.

या सगळ्याच्या मुळाशी जमीन आहे. पहाडावरची बरीच जमीन वनजमीन म्हणून नोंदलेली. कसणारा पन्नास वर्षं कसतो, पण सातबारा त्याच्या नावावर नाही. सातबारा नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही, मग सावकार. सावकाराचं व्याज फेडायला मिरचीची तोडणी, आणि मिरचीच्या तोडणीपायी मुलाची शाळा बुडते. कागदाचा एक तुकडा नसल्यानं मुलाचं अख्खं वर्ष जातं, ते असं.

वनहक्क कायदा २००६ साली झाला तेव्हा पहाडावर आशा निर्माण झाली. कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वी वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना हक्क दिला. बिगर आदिवासींसाठी मात्र एक वेगळी अट घातली. त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, जंगलात राहिल्याचा पुरावा हवा. हिशेब केला तर १९३० च्या आधीपासून. १९५० किंवा १९७२ मध्ये आलेल्या कुटुंबाला ही अट पुरी करता येणं शक्यच नाही. आदिवासींच्या जमिनीवर नव्या माणसांचं आक्रमण होऊ नये, हा अटीमागचा हेतू योग्य आहे. पण पहाडावर जन्मलेल्या, दुसरं गाव न पाहिलेल्या नातवाला आजोबांच्या आगमनाच्या साली बांधून ठेवणं न्यायाचं नाही. कोलामांची जमीन कोलामांकडे परत जावी आणि उरलेल्या जमिनीवर दोन-तीन पिढ्या राबलेल्यांना स्वतंत्र निर्णयानं पट्टे मिळावेत. ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक शिवाराची मोजणी आणि गावात बसून पडताळणी लागते, आणि वर्षानुवर्षं टळलं आहे ते नेमकं हेच.

हाच कायदा गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात वेगळ्या रीतीनं फळला. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढ्याचं नाव आहे. गावातले देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी अभ्यास करून, सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेऊन हे मिळवलं. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला आणि बांबूच्या विक्रीतून गावाची तिजोरी भरू लागली. मेंढ्याच्या मुलाला आपण कुठले, हे सिद्ध करत फिरावं लागत नाही. त्याचं गावच त्याचा पुरावा आहे. जिवतीच्या तांड्याला असं मागे उभं राहणारं गाव नाही, कारण गावठाणाचीच नोंद पक्की नाही.

खाणीवरच्या मजुरांनी एकत्र येऊन काय साधता येतं, याचं उदाहरणही फार लांब नाही. धानोऱ्याहून पूर्वेला मुरुमगाव ओलांडून छत्तीसगडच्या मानपूरमार्गे गेलं, की दल्ली-राजहरा लागतं. लोहखनिजाच्या डोंगरांवर वसलेलं हे शहर मराठी वाचकाला फारसं ठाऊक नाही, पण चंद्रपूरशी त्याचा जुना धागा आहे. १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या हाती चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या लोखंडाविषयीचा एक जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. लोहाऱ्याचं लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा घेऊन चांद्यात पोलाद बनवायचं, हे त्यांचं पहिलं स्वप्न. वरोऱ्याची खाण १८७१ पासून सुरू होती, पण तिथला कोळसा त्या कामाचा निघाला नाही. पुढे टाटांचे लोक शोध घेत दल्ली-राजहरापर्यंत पोहोचले. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी तिथलं खनिज १८८७ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. अखेर कारखाना आजच्या झारखंडात, जमशेदपूरला झाला. दल्ली-राजहराचं खनिज मात्र भिलाईच्या सरकारी पोलाद कारखान्याच्या उपयोगी आलं. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली.

त्या खाणींवर हातानं दगड फोडणारे हजारो कंत्राटी कामगार आजूबाजूच्या गावांतून आले होते. १९७७ मध्ये त्यांनी छत्तीसगड माईन्स श्रमिक संघ स्थापन केला. नेते शंकर गुहा नियोगी स्वतः बंगालमधून आलेले, भिलाईत कामगार म्हणून राबलेले. दानीटोलाच्या खाणीत काम करताना त्यांनी आशा या आदिवासी कामगार मुलीशी लग्न केलं. त्यांची तीन मुलं दल्ली-राजहराच्या मजूरवस्तीत, इतर मजुरांच्या मुलांबरोबर वाढली. पावसाळ्याआधी झोपडी शाकारण्यासाठी भत्ता मिळावा, या साध्या मागणीवरून आंदोलन पेटलं आणि २ व ३ जून १९७७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मारले गेले. त्यांत अनुसूयाबाई ही कामगार स्त्री होती आणि सुदामा नावाचा एक लहान मुलगाही.

कामगारांनी पुढे जे केलं, ते प्रत्येक खाणगावानं वाचायला हवं. बाळंतपणात उपचार न मिळाल्यानं संघटनेची एक कार्यकर्ती दगावली, तेव्हा त्यांनी स्वतःचा दवाखाना काढायचं ठरवलं. वर्गणी त्यांची, विटा वाहण्याचं श्रमदान त्यांचंच. ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू झालं. विनायक सेन, आशीष कुंडू, शैबाल जाना हे डॉक्टर तिथे येऊन मजुरांबरोबर राहिले. संघटनेनं दारूबंदीची मोहीम काढली, मजुरांच्या मुलांसाठी प्राथमिक शाळा काढल्या. खाणीत सरसकट यंत्रं आली तर मजूर घरी बसतील, म्हणून मधला मार्ग सुचवून तो मान्य करून घेतला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींचा खून झाला. रुग्णालय आजही चालू आहे. शहर मात्र आटत चाललं आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत दल्ली-राजहराची लोकसंख्या घटली, कारण डोंगरातलं चांगलं खनिज संपत आलं आणि लक्ष बस्तरच्या रावघाटकडे वळलं. खाणीवर वाढलेल्या मुलाला मोठेपणी पुन्हा स्थलांतर करावं लागतं, हे सत्य या शहरानं दाखवून दिलं आहे.

परदेशातही हेच घडलं आहे. अमेरिकेच्या माँटाना राज्यातलं बट हे तांब्याचं पहाडी शहर आयरिश, इटालियन, फिनिश, स्लाव्ह अशा स्थलांतरितांनी उभं केलं. १९५५ मध्ये तिथे बर्कली पिट ही उघडी खाण सुरू झाली आणि मीडरव्हिल हा इटालियन मोहल्ला तिनं गिळला. ज्या गल्लीत मुलं खेळली, ती गल्ली खड्ड्यात गेली. १९८२ मध्ये खाण बंद झाली आणि त्या खड्ड्यात विषारी पाणी साचत गेलं. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातल्या लोकांना हे वाचून वेगळं काही वाटणार नाही. भूमिगत खाणी मागे पडून उघड्या खाणी पसरल्या, तशी इथलीही गावं उठली. बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा इथे तेलुगू, छत्तीसगडी, बिहारी कामगारांची तिसरी पिढी राहते. बल्लारपूरला लोक कौतुकानं ‘मिनी भारत’ म्हणतात. त्या पिढीचं शिक्षण बऱ्यापैकी झालं, याचं श्रेय कोळसा खाणींच्या १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाला द्यायला हवं. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीची कायम नोकरी, क्वार्टर, दवाखाना आणि निवृत्तिवेतन असलं की मजुराचं मूल शाळेत टिकतं. कंत्राटी कामाच्या काळात हा आधार निघून चालला आहे.

आता पाळी गडचिरोलीची आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर २०२१ पासून लोहखनिजाचं उत्खनन मोठ्या प्रमाणावर सुरू आहे. त्याच डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे आणि दरवर्षी तिथे जत्रा भरते. खनिज घुग्घुसला आणि चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या कारखान्यात जातं. जिल्ह्याला पोलादाचं केंद्र करण्याचं सरकारचं धोरण जाहीर आहे. ड्रायव्हर, ऑपरेटर, वेल्डर, ढाबेवाले परराज्यांतून येत आहेत, येणार आहेत. आज ते एकटे आहेत. गडचांदूरचा अनुभव सांगतो, की पाठोपाठ कुटुंबं येतात. आलापल्ली आणि एटापल्लीच्या शाळांत लवकरच हिंदी, भोजपुरी, उडिया बोलणारी मुलं माडिया मुलांशेजारी बसतील. त्या वर्गाची तयारी आजच करायला हवी.

त्यासाठी पैसा नाही, असं कुणी म्हणू नये. २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणमालकानं रॉयल्टीच्या दहा टक्के, जुन्या पट्ट्यांसाठी तीस टक्के रक्कम त्यात भरायची असते. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण या गोष्टींवर त्यातला मोठा हिस्सा खर्च करणं बंधनकारक आहे. रस्ते आणि सभागृहं त्यातून पुष्कळ होतात. त्याच पैशातून माडिया, कोलामी, गोंडी आणि गोरमाटी जाणणारे शिक्षक-सहायक नेमता येतील, मिरचीच्या हंगामात वसतिगृहं चालवता येतील, पहाडावर बारमाही पाणी नेता येईल. नांदेड-लातूरच्या कचेऱ्यांतून जुने कागद मागवून देणारा एक माणूसही जिवतीच्या तहसीलमध्ये बसवता येईल. खाणीजवळच्या शाळा आणि अंगणवाड्यांतल्या मुलांची वर्षातून एकदा फुप्फुसांची तपासणीही करता येईल.

धानोरा, एटापल्ली, कोरची, जिवती आणि कोरपन्यातल्या ग्रामसभांनी येत्या सभेत हा विषय घ्यावा. प्रतिष्ठानचा आपल्या गावाचा आराखडा मागवावा, तो मोठ्यानं वाचावा आणि त्यात मुलांसाठी काय आहे ते विचारावं. ज्यांच्या गावात बाहेरून आलेली कुटुंबं आहेत, त्यांनी त्या आईबापांनाही सभेला बोलवावं.